इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट स्वतः कशी काढावी: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

पॉलिटेक्निक असो वा पदवी अभ्यासक्रम, सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये मध्यरात्रीनंतरही दिवे जळत असतात ते बहुधा ड्रॉइंगच्या शीटसाठी. काचेखाली ट्यूबलाइट किंवा मोबाइलची बॅटरी लावायची, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट ठेवून रेषा उतरवायच्या, ही ‘जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारण्याची’ रीत नांदेडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत कोणत्याही कॉलेजात नवी नाही. तिला केवळ आळस म्हणून सोडून देणे मला पटत नाही. बहुतेक विद्यार्थी जीटीकडे वळतात ते काम कोठून सुरू करावे हे त्यांना कोणी क्रमाने सांगितलेले नसते म्हणून. उतरवलेल्या शीटवर टर्मवर्कचे गुण मिळतातही. परंतु परीक्षेत समोर कोरी शीट आली, की आपण केवळ रेषा काढत होतो, वस्तू पाहत नव्हतो, हे लक्षात येते. म्हणून पुढील विवेचनात काम कोणत्या क्रमाने करावे यावर भर दिला आहे.

ज्यांनी शाळेत असताना शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा दिल्या आहेत, त्यांना कंपास धरण्याची सवय असते आणि घनभूमितीचा थोडा परिचयही असतो. त्याचा येथे उपयोग होतो. मात्र चित्रकलेत हात चांगला असणे ही या विषयाची अट नाही. छायांकन, पोत, रंगसंगती यांना येथे जागाच नाही. रेषा कोठून कोठे जाते आणि ती तेथेच का जाते, याचे उत्तर देता येणे एवढीच अपेक्षा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना फ्रंट व्ह्यू (समोरील दृश्य), टॉप व्ह्यू (वरील, म्हणजे वरून दिसणारे दृश्य), ट्रू लेंग्थ (खरी लांबी) हे शब्द पहिले काही दिवस अडवतात. पण संपूर्ण अभ्यासक्रमात असे शब्द फार नाहीत आणि ते वापरानेच अंगवळणी पडतात.

साहित्य आणि बैठक

ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (बोर्डाला बसवून समांतर रेषा काढण्याचे साधन), दोन सेटस्क्वेअर, कंपासपेटी, कोनमापक, चांगला खोडरबर आणि शीट घट्ट बसवण्यासाठी क्लिपा किंवा चिकटपट्टी एवढे साहित्य पुरते. मिनी ड्राफ्टर बहुतेकदा सीनियर विद्यार्थ्याकडून जुना घेतला जातो आणि त्यात काही गैर नाही, फक्त घेण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. बोर्डाच्या वरच्या कडेला तो घट्ट बसवून शीटच्या वरच्या भागात एक आडवी रेषा काढावी, मग पट्टी खाली सरकवून दुसरी काढावी, आणि दोन्ही रेषांमधील अंतर डाव्या व उजव्या टोकाला मोजावे. अंतर सारखे नसेल, तर सांधे सैल झालेले आहेत; ते आवळूनही फरक राहिला, तर असा ड्राफ्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यावर काढलेल्या प्रत्येक शीटमध्ये वरचे आणि खालचे दृश्य एकमेकांशी जुळणार नाही. ड्राफ्टर नसला तरी ४५ अंशांचा आणि ३०-६० अंशांचा असे दोन सेटस्क्वेअर एकमेकांना लावून १५ अंशांच्या पटीतील सर्व कोन काढता येतात, हे लक्षात ठेवावे.

पेन्सिली तीन असाव्यात. प्राथमिक रचनेच्या फिकट रेषांसाठी २ एच, अंतिम कडांसाठी एच, आणि अक्षरे व बाण यांसाठी एचबी. कंपासमधील शिसे पेन्सिलीपेक्षा एका श्रेणीने मऊ ठेवावे, कारण कंपासवर पेन्सिलीइतका दाब देता येत नाही आणि मग वर्तुळे सरळ रेषांपेक्षा फिकी दिसतात.

आपल्याकडे उन्हाळी सत्राच्या शीट पूर्ण होतात त्या वेळी परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. घामाने ओलसर झालेले मनगट शीटवर फिरले, की शिसे पसरते आणि ते खोडरबरानेही नीट निघत नाही. हाताखाली नेहमी एक कोरा कागद ठेवावा, शीटचे चारही कोपरे पक्के करावेत म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने ती फडफडणार नाही, आणि उजव्या हाताने काढणाऱ्याने प्रकाश डावीकडून येईल असे बसावे.

कागदाची मापे पाठ करण्याऐवजी त्यांचा संबंध समजून घ्यावा. ए-० कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असते आणि त्याची मापे ८४१ × ११८९ मि.मी. असतात, लांब बाजू निम्मी करत गेले, की ए-१, ए-२ आणि पुढे २९७ × ४२० मि.मी.चा ए-३ मिळतो. बाजूंचे गुणोत्तर प्रत्येक वेळी एकास वर्गमूळ दोन एवढेच राहते. अक्षरांच्या प्रमाणित उंचीतही हेच गुणोत्तर आहे: २.५, ३.५, ५, ७, १०, १४ मि.मी. मापांसाठी ३.५ आणि शीर्षकासाठी ७ किंवा १० मि.मी. उंची साधारणपणे पुरते. दोन फिकट रेषा आखून त्यांच्या मध्येच लिहावे. सुटे हात चालवून लिहिलेली अक्षरे चांगल्या शीटचीही रया घालवतात.

आधी वस्तू, मग शीट

प्रक्षेप, म्हणजे वस्तूचे सपाट प्रतलावर उमटणारे दृश्य, समजून घेण्यासाठी पुस्तकातील आकृतीपेक्षा हातात घेता येईल अशी वस्तू बरी. घराजवळ कोठे बांधकाम चालू असेल तर तेथील एक वीट आणावी. प्रमाणित विटेची मापे १९० × ९० × ९० मि.मी. असतात, आपल्याकडील भट्टीच्या विटा याहून वेगळ्या निघतात, म्हणून स्वतः मोजूनच मापे घ्यावीत. समजा प्रमाणित वीट मिळाली. ती लांब बाजू आपल्याकडे करून आणि खाच वर करून ठेवली, तर समोरून १९० × ९० चा आयत दिसतो आणि वरूनही १९० × ९० चाच आयत दिसतो. दोन्हींत फरक एवढाच, की वरील दृश्यात भट्टीचे नाव उठवलेली खाच सलग रेषांनी दिसते, तर समोरील दृश्यात ती विटेच्या आत दडलेली असल्याने तुटक रेषेने दाखवावी लागते. लपलेल्या कडांची तुटक रेषा काढणे हा परीक्षकाचा हट्ट नाही, हे या एका विटेवरून कळते. ती रेषा काढली नाही, तर समोरील दृश्य पाहणाऱ्याला वीट सपाट आहे की खाचेची, हे ठरवता येणार नाही.

आता दृश्ये कोठे ठेवायची हे पाहावे. एक वही अशी उघडावी, की तिचे एक पान टेबलावर सपाट राहील आणि दुसरे भिंतीसारखे उभे राहील. उभे पान म्हणजे व्ही.पी. (व्हर्टिकल प्लेन, उभे प्रतल), आडवे पान म्हणजे एच.पी. (हॉरिझॉन्टल प्लेन, आडवे प्रतल), आणि दोन्ही जेथे मिळतात ती वहीची घडी म्हणजे एक्स-वाय रेषा. काड्यापेटी आडव्या पानावर, उभ्या पानाच्या पुढे ठेवावी. समोरून पाहिले असता तिचा आकार मागच्या उभ्या पानावर उमटतो. ते समोरील दृश्य. वरून पाहिले असता तो खालच्या आडव्या पानावर उमटतो. ते वरील दृश्य. काड्यापेटी उचलून घ्यावी आणि आडवे पान घडीभोवती खाली फिरवून उभ्या पानाच्या सरळ रेषेत आणावे. वरील दृश्य आपोआप समोरील दृश्याच्या खाली येते. वरून पाहिलेले खाली का काढायचे, असा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारला जातो. त्याचे उत्तर या वहीत आहे. त्याच न्यायाने डावीकडून पाहिलेले दृश्य वस्तूच्या पलीकडील, म्हणजे उजव्या बाजूच्या प्रतलावर उमटते आणि समोरील दृश्याच्या उजवीकडे येते.

यालाच पहिल्या कोनाची पद्धत म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या मार्गदर्शिकेने ती स्वीकारलेली असल्यामुळे आपल्या महाविद्यालयांत हीच शिकवली जाते. या सगळ्या विचाराचा पाया अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने घातला, आणि त्याला हे सुचले ते किल्ल्याच्या तटबंदीचे गणित सोडवताना. नळदुर्ग किंवा परांड्याचे बुरूज पाहिलेल्या विद्यार्थ्याला त्या गणितात काय कठीण असेल याची कल्पना करता येईल. फ्रेंच सैन्याने ही रीत काही वर्षे गुपित म्हणून जपली होती.

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यात पुढे काम करणाऱ्याच्या हाती परदेशी ग्राहकांची ड्रॉइंगही येतात आणि त्यांत तिसऱ्या कोनाची पद्धत असू शकते, जीमध्ये वरील दृश्य वरच असते. म्हणून कोणतेही ड्रॉइंग हातात आले, की प्रथम टायटल ब्लॉकमधील, म्हणजे शीटच्या कोपऱ्यातील माहितीच्या चौकटीतील, चिन्ह पाहावे. ते चिन्ह टोक कापलेल्या शंकूची दोन दृश्ये असते. पहिल्या कोनाच्या चिन्हात शंकूचे लहान तोंड डावीकडे असते आणि दोन वर्तुळे उजवीकडे असतात. हे पाठ करण्याची गरज नाही: दोन्ही वर्तुळे सलग रेषेने दिसायची असतील, तर लहान तोंडाच्या बाजूने, म्हणजे डावीकडून पाहिले पाहिजे, आणि डावीकडून पाहिलेले या पद्धतीत उजवीकडे येते.

बिंदू, रेषा, प्रतले आणि घन या क्रमाने येणाऱ्या पुढच्या शीटमध्ये बहुतेकांचा धीर सुटतो तो रेषांच्या प्रकरणात. तीच वही आणि एक पेन्सिल घेऊन बसावे. ८० मि.मी. लांबीची रेषा व्ही.पी.ला समांतर आणि एच.पी.शी ३० अंशांत कललेली असेल, तर समोरील दृश्यात तिची खरी लांबी आणि खरा कोन दिसतो, पण वरील दृश्यात तिची लांबी सुमारे ६९.३ मि.मी. एवढीच भरते. रेषा दोन्ही प्रतलांशी कललेली असेल, तर कोणत्याच दृश्यात खरी लांबी दिसत नाही. मग एक दृश्य एक्स-वायला समांतर होईपर्यंत फिरवून दुसऱ्यात खरी लांबी मिळवावी लागते. हे फिरवणे कागदावर कंसाने होते, पण समजते ते पेन्सिल हातात धरून वहीपुढे फिरवल्यावर.

प्रतले आणि घन यांच्यासाठी एकच नियम मनात पक्का करावा: वस्तूचा खरा आकार ज्या प्रतलावर दिसतो, त्या प्रतलावरील दृश्य आधी काढावे. षटकोनी प्रिझमचा अक्ष एच.पी.ला लंब असेल तर वरील दृश्यात षटकोन मिळतो, म्हणून तेथून सुरुवात, अक्ष व्ही.पी.ला लंब असेल तर समोरील दृश्यापासून. त्यानंतरच घन कलवायचा आणि दुसऱ्या टप्प्याचे दृश्य काढायचे. प्रत्येक कोपऱ्याला समोरील दृश्यात डॅश असलेले आणि वरील दृश्यात बिनडॅशचे अक्षर द्यावे. कंटाळा करून अक्षरे टाळली, की दुसऱ्या टप्प्यात कोणता बिंदू कोणाशी जोडायचा हे कळेनासे होते, आणि विद्यार्थी पुन्हा मित्राच्या शीटकडे वळतो.

शीटवर मांडणी

मांडणीचे गणित दोन मिनिटांचे असते, तरी ते न करता सुरुवात केल्यामुळे अर्धी शीट भरल्यावर तिसरे दृश्य चौकटीबाहेर जाताना दिसते. समजा वस्तूची रुंदी १५० मि.मी., खोली ८० मि.मी. आणि उंची ९० मि.मी. आहे आणि कागद ए-३ आहे. फाइलसाठी डावीकडे २० आणि बाकी तीन बाजूंना १० मि.मी. समास सोडला, तर ३९० × २७७ मि.मी. जागा उरते. आडव्या दिशेत समोरील दृश्याचे १५० आणि बाजूच्या दृश्याचे ८० मिळून २३० जातात. उरलेले १६० तीन ठिकाणी वाटले, तर प्रत्येकी सुमारे ५३ मि.मी. येतात. उभ्या दिशेत ९० आणि ८० मिळून १७० जातात आणि उरलेल्या १०७ मधून प्रत्येकी सुमारे ३५ मि.मी. मिळतात. मापे देण्यासाठी एवढे अंतर पुरेसे आहे. पहिल्या कोनाच्या पद्धतीत उजवा खालचा कोपरा रिकामा राहतो आणि टायटल ब्लॉकची जागा नेमकी तीच असते.

त्यानंतर २ एच पेन्सिलीने, हात अगदी हलका ठेवून, तिन्ही दृश्यांच्या चौकटी एकदम आखाव्यात आणि मध्यरेषा काढाव्यात. एक दृश्य पूर्ण करून मग दुसऱ्याकडे जाणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. एक छिद्र समोरील दृश्यात काढले, की त्याच वेळी त्याच्या रेषा खाली आणि बाजूला न्याव्यात. वरील दृश्यातील खोली बाजूच्या दृश्यात नेण्यासाठी ४५ अंशांची रेषा वापरावी, म्हणजे पुन्हा मोजण्यातील चूक टळते. सर्व दृश्ये फिकट रेषांत जुळल्यावरच ठळक करण्यास हात घालावा. त्यातही वर्तुळे आणि कंस आधी, सरळ रेषा नंतर, कारण सरळ रेषा कंसाला नेऊन भिडवणे सोपे असते, कंस सरळ रेषेला भिडवणे कठीण. आडव्या रेषा वरून खाली आणि उभ्या रेषा डावीकडून उजवीकडे काढत गेल्यास हात ताज्या शिशावरून फिरत नाही.

रेषांचे प्रकार थोडक्यात असे: दिसणाऱ्या कडा जाड आणि सलग, लपलेल्या कडा तुटक, मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांच्या बारीक साखळीची, मापरेषा आणि छेदाच्या तिरप्या रेषा बारीक व सलग. जाड आणि बारीक यांतला फरक हातभर अंतरावरूनही दिसला पाहिजे.

मापे देताना स्वतःला कारागिराच्या जागी ठेवून विचार करावा. ही वस्तू मशीनवर बनवणाऱ्याला प्रत्येक माप एकदाच मिळाले पाहिजे, त्याला बेरीज-वजाबाकी करावी लागू नये, आणि एकच माप दोन ठिकाणी देऊन दोन्हींत फरक पडण्याची संधीही ठेवू नये. पूर्ण वर्तुळाला व्यास, अपूर्ण कंसाला त्रिज्या. छिद्राचा व्यास द्यावा आणि त्याचे केंद्र कोणत्या दोन कडांपासून किती अंतरावर आहे हेही द्यावे. तुटक रेषांना शक्यतो माप जोडू नये. पहिली मापरेषा कडेपासून ८ ते १० मि.मी. अंतरावर असावी. पाच छिद्रांची अंतरे एकापुढे एक साखळीने दिली आणि प्रत्येक अंतरात ०.१ मि.मी.ची चूक चालेल असे म्हटले, तर शेवटच्या छिद्रापर्यंत ती चूक ०.५ मि.मी.पर्यंत वाढू शकते. म्हणून नेमकेपणा हवा असेल तेथे सर्व मापे एकाच कडेपासून द्यावीत. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारला जातो.

छेददृश्यात, म्हणजे वस्तू कापली आहे असे मानून काढलेल्या दृश्यात, कापलेल्या भागावर ४५ अंशांच्या, समान अंतराच्या रेषा माराव्यात आणि शेजारच्या दुसऱ्या भागावर उलट दिशेने माराव्यात. बोल्ट, नट, शाफ्ट, चावी, रिव्हेट आणि लांबीच्या दिशेने आलेली रिब हे छेदप्रतल त्यांच्यातून गेले तरी कापलेले दाखवत नाहीत. रिबवर रेषा मारल्या, तर बारीकशी पट्टी भरीव ठोकळ्यासारखी भासते. आयसोमेट्रिक दृश्यात अक्ष एकमेकांशी १२० अंशांत असतात. आयसोमेट्रिक प्रोजेक्शन मागितले असेल तर प्रत्येक माप ०.८१६ पट करावे, केवळ व्ह्यू मागितला असेल तर मूळ मापच घ्यावे. प्रश्नातील हा एक शब्द न वाचल्याने पूर्ण आकृतीचे गुण जाताना दिसतात.

नरसाळ्याचा पत्रा

पृष्ठभाग उलगडण्याचे प्रकरण मला या विषयातील सर्वांत रंजक वाटते, कारण त्याचे उत्तर कात्रीने तपासता येते. बाजारातल्या पत्र्याच्या कारागिराकडे नरसाळे बनताना पाहावे. त्याचा वरचा भाग म्हणजे टोक कापलेला शंकू. समजा वरच्या तोंडाचा व्यास १५० मि.मी., खालच्याचा ३० मि.मी. आणि उभी उंची ८० मि.मी. आहे. त्रिज्यांतील फरक ७५ वजा १५ म्हणजे ६०. ६० आणि ८० या काटकोनातील बाजू धरल्यावर तिरकी बाजू १०० येते. हा शंकू खाली टोकापर्यंत वाढवला, तर पूर्ण तिरकी उंची १०० ला ७५ ने गुणून ६० ने भागल्यावर १२५ मि.मी. येते, आणि कापून टाकलेल्या टोकाची २५ मि.मी. उलगडलेल्या पाकळीचा कोन म्हणजे ३६० गुणिले ७५ भागिले १२५, अर्थात २१६ अंश. म्हणून जाड कागदावर एकाच केंद्रातून १२५ आणि २५ मि.मी. त्रिज्येचे दोन कंस काढावेत, २१६ अंशांचा भाग कापावा आणि कडा जुळवाव्यात. नरसाळे तयार होते. प्रत्यक्ष पत्र्यात जोडासाठी थोडी पट्टी जास्तीची सोडावी लागते. कारागीर हे गणित न मांडता जुन्या पत्र्याच्या साच्यावरून करतो आणि त्याचे नरसाळे गळत नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र नवे माप आले, की त्यालाही साचा नव्याने शोधावा लागतो आणि विद्यार्थ्याला तो पाच मिनिटांत काढता येतो.

लंबवर्तुळ, अन्वस्त, सायक्लॉइड, इनव्होल्यूट हे वक्र यापेक्षा सोपे आहेत. त्यांत पायऱ्या ठरलेल्या असतात आणि सरावाने जमतात. शेवटचे बिंदू जोडताना सुटा हात किंवा फ्रेंच कर्व्ह वापरावा, पट्टी वापरू नये, एवढेच.

संगणकावर

ऑटोकॅडचे तास बहुतेक ठिकाणी त्याच वर्षात असतात. एकके मिलिमीटर करून घ्यावीत, वस्तू नेहमी तिच्या खऱ्या मापात काढावी आणि प्रमाण छपाईच्या वेळी ठरवावे. कडा, मध्यरेषा, तुटक रेषा आणि मापे यांना वेगवेगळे लेअर द्यावेत. लाइन, सर्कल, ऑफसेट, ट्रिम आणि मिरर एवढ्या आज्ञांवर पहिल्या वर्षाचे बहुतेक काम निभते. घरी सराव करायचा असेल तर लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड विनामूल्य मिळतात. पण दृश्ये कोठे ठेवायची आणि कोणती कडा तुटक काढायची हे सॉफ्टवेअर द्विमितीय आकृतीत स्वतः ठरवत नाही, म्हणून संगणकापुढे बसण्याआधी वहीच्या पानावर हाताने एक कच्ची आकृती काढून घ्यावी.

छापील प्रत घेतल्यावर तिच्यावरची १०० मि.मी.ची एखादी रेषा पट्टीने मोजून पाहावी. एकास एक प्रमाण लिहिलेल्या कागदावर ती ९४ किंवा ९७ भरली, तर छपाईच्या खिडकीत कागदात बसवण्याचा पर्याय चालू राहिलेला असतो. तो बंद करून, प्रमाण स्वतः भरून, प्रत पुन्हा काढावी.